एका टेबलावर दोन पथ्ये : कवळ्याजवळच्या एका खाणावळीविषयी

कवळ्याची श्री शांतादुर्गा ही आमची कुलदेवता असल्यामुळे वर्षातून एकदा तरी आमचे गोव्यात येणे होते. गेल्या जानेवारीत आम्ही उभयता फोंडा तालुक्यात सहा दिवस राहिलो आणि त्यांपैकी पाच दिवसांचे दुपारचे जेवण देवळापासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर असलेल्या एका घरगुती खाणावळीत घेतले. त्या जेवणाविषयी येथे सविस्तर लिहीत आहे. खाणावळीचे नाव देत नाही, कारण ओसरी आणि पुढची खोली मिळून तेथे जेमतेम अठरा माणसांची सोय आहे, आणि लिहू का म्हणून विचारल्यावर ती चालवणाऱ्या वहिनींनी "लिहा ताई, पण नाव नको, माणसे वाढली तर माझ्याने निगुतीने होणार नाही" असे स्पष्ट सांगितले. कवळ्यातल्या रिक्षावाल्याला दुपारी उकड्या तांदळाची पेज कोठे मिळते असे विचारले, तर तो बहुधा तेथेच नेऊन सोडेल.

मला अकरा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि माझ्या यजमानांना चार वर्षांपासून गाउट आहे. आपल्याकडे दोन्हींना सरसकट संधिवात म्हणण्याची पद्धत आहे, परंतु हे दोन आजार मुळातच वेगळे आहेत आणि त्यांची पथ्ये काही बाबतींत एकमेकांच्या उलट जातात. माझ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. बोटे, मनगटे आणि पावले सुजतात, आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात मिटत नाहीत. यजमानांच्या रक्तात युरिक आम्ल वाढते, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि एखाद्या रात्री पायाचा अंगठा असा ठणकतो की त्यावर चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. घरी दोन भांडी वेगळी चढवून हे सांभाळता येते. प्रवासात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर अवलंबून राहावे लागते, आणि गोव्यासारख्या ठिकाणी, जेथे जेवण म्हणजे नुस्ते, म्हणजे मासळी, असे समीकरण आहे, आमच्या दोघांच्या टेबलावर नेमका त्याच पदार्थावरून प्रश्न उभा राहतो.

आधीच्या वर्षी आम्ही समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात उतरलो होतो. तेथे सकाळच्या फराळाच्या टेबलावर एक कोपरा आरोग्यदायी पदार्थांचा म्हणून मांडलेला होता आणि प्रत्येक भांड्यापुढे हिरव्या पानाचे चित्र असलेली पाटी होती. त्या भाजीत तेल किती, मीठ किती, रस्सा कशाचा, याविषयी मी तीन वेगवेगळ्या लोकांना विचारले आणि तिघांनीही "काही नाही मॅडम, सगळे हेल्दी आहे" एवढेच सांगितले. ज्याला डाळीचे सूप म्हणून वाढले ते मटणाच्या अळणीवर केलेले होते हे यजमानांना वाटी संपल्यावर कळले. तिसऱ्या रात्री त्यांचा अंगठा सुजला. तो त्या सुपामुळेच सुजला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्या दिवशी उन्हात फिरणे झाले होते, पाणी कमी पडले होते, आणि शरीरातले पाणी कमी होणे हेही गाउटच्या झटक्याचे एक ज्ञात कारण आहे. तरीही ज्याला पथ्य आहे त्याने विचारल्यावर खरे उत्तर मिळू नये, याचा मला मनापासून संताप आला, आणि यंदा हॉटेल शोधताना मी खोलीपेक्षा स्वयंपाकघराची चौकशी आधी केली.

या खाणावळीत पहिल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, आम्ही पावणेबाराला पोहोचलो तेव्हा वहिनी वाटण वाटून झाल्यावर हात धूत होत्या. मी आमची दोन्ही दुखणी थोडक्यात सांगितली. त्यांनी मला उलट चार प्रश्न विचारले: तिखट चालते का, नारळ चालतो का, मीठ वरून घेता का, आणि काट्याचे मासे तुमच्या बोटांनी सोलवतात का. यांतला शेवटचा प्रश्न मला आजवर कोणीही विचारला नव्हता, घरच्या माणसांनीसुद्धा नाही. सुजलेल्या बोटांनी तारल्याचे बारीक काटे काढणे ही माझ्यासाठी जेवण अर्धवट टाकून उठण्याची वेळ असते. वहिनींनी त्या दिवशी बांगडा मधोमध चिरून, कणा काढून, मग हुमणात, म्हणजे नारळाच्या वाटणाच्या माशाच्या रश्शात, सोडला आणि माझ्या ताटाशेजारी न सांगता एक चमचा ठेवला.

बांगड्याविषयी जरा विस्ताराने लिहायला हवे. बांगडा, तारले, पेडवे हे तेलकट मासे आहेत आणि त्यांत ओमेगा-३ प्रकारची मेदाम्ले भरपूर असतात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांवर माशाच्या तेलाचे जे अभ्यास झाले त्यांत दुखणे आणि सकाळचा ताठरपणा काही प्रमाणात कमी झाल्याचे आढळले आहे. मात्र त्यांतले बहुतेक अभ्यास माशाच्या तेलाच्या गोळ्या काही महिने रोज घेऊन केलेले आहेत, आणि आठवड्यातून दोनदा बांगडा खाल्ल्याने तेवढी मात्रा पोटात जात नाही. म्हणून बांगडा हे माझे औषध आहे असे मी मानत नाही. मटण आणि तळलेल्या पदार्थांच्या जागी तो असणे मला हितकारक आहे, एवढेच मानते. यजमानांचे गणित निराळे आहे. हेच मासे, तसेच तिसऱ्यो (शिंपल्या) आणि कमीअधिक प्रमाणात सुंगटे (कोळंबी), यांत प्युरिन नावाचे घटक असतात आणि शरीरात त्यांचेच पुढे युरिक आम्ल होते. डॉक्टरांनी यजमानांना रक्तातले युरिक आम्ल दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे, त्यासाठी गोळी चालू आहे, आणि गोळी असली तरी तारल्याचे ताट रोज नको हेही सांगितले आहे.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी यजमानांच्या वाट्याला डाळभात आणि एक बटाट्याची भाजी येते. येथे त्यांच्यासाठी पहिल्याच दिवशी खतखते होते. ज्यांनी खाल्ले नाही त्यांच्यासाठी सांगते, सुरण, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, भोपळा, मुळा, मक्याच्या कणसाचे तुकडे अशा अनेक भाज्या तूरडाळीबरोबर शिजवून, त्यांत ओल्या नारळाचे वाटण, थोडा गूळ, आंबटपणा आणि शेवटी ठेचलेली तेफळे घालून हा पदार्थ करतात. त्याला फोडणी लागत नाही. एका वाटीत इतक्या भाज्या येतात की वेगळ्या कोशिंबिरीची आठवण होत नाही. गाउट झाल्यावर डाळी आणि कडधान्ये पूर्ण बंद करणारी अनेक माणसे माझ्या परिचयात आहेत. परंतु वनस्पतींतल्या प्युरिनमुळे गाउटचा धोका मांस-मासळीसारखा वाढत नाही असे मोठ्या अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि आमच्या डॉक्टरांनीही डाळ बंद करवलेली नाही. शनिवारी यजमानांना मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची नारळ घातलेली उसळ, आणि तांबडी भाजी मिळाली. तांबड्या माठाची ती भाजी नुसत्या कांद्यावर आणि वरून खोबरे घालून वाफवलेली होती, आणि तिची चव मला अजून आठवते.

आता आंबटाविषयी. माझ्या मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत प्रत्येकीने मला अकरा वर्षे हेच सांगितले आहे की आंबट खाल्ले की सांधे धरतात. ही समजूत घेऊन गोव्यात आलेल्या माणसाने जेवायचे काय, असा प्रश्न पडतो, कारण येथे आमसूल नाही तर चिंच, चिंच नाही तर अंबाडे, अंबाडे नाहीत तर बिंबली किंवा कैरी, असे काही ना काही प्रत्येक रश्शात असते. मी दोन वर्षे एका वहीत रोजचे जेवण आणि सकाळी हात मिटायला लागलेली मिनिटे लिहून ठेवली होती. त्या वहीत आंबटाचा आणि माझ्या ताठरपणाचा काहीही संबंध दिसला नाही. उशिरा जेवण, कमी झोप आणि सलग दोन-तीन दिवसांचे तळलेले पदार्थ यांचा मात्र दिसला. ही माझी वही आहे आणि दुसऱ्या कोणाची वही वेगळे सांगू शकेल. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांबाबतही असेच आहे: काही रुग्णांना ती बाधतात असे ते सांगतात, पण सर्वांनी सोडावीत असा भक्कम पुरावा नाही, आणि सोडून पाहायचीच असतील तर एका वेळी एकच पदार्थ तीन-चार आठवडे सोडून पाहावा, म्हणजे काहीतरी कळते. फक्त बिंबलीच्या रसाबाबत मी सावध असते, कारण तिच्यात ऑक्झलेट फार असते, रस मोठ्या प्रमाणावर प्याल्याने मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि वेदनाशामक गोळ्यांचा भार आमच्या मूत्रपिंडांवर आधीच असतो. रश्शातल्या दोन-चार फोडींनी काही होत नाही.

सोलकढी येथे रोज मिळते आणि ती ताज्या नारळाच्या दुधाची असते. आमसुलातल्या गार्सिनॉल या घटकाचा दाहशामक म्हणून प्रयोगशाळेत अभ्यास झालेला आहे, आणि तेवढ्या आधारावर सोलकढी प्याल्याने सांधे बरे होतात असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. तसे म्हणण्याजोगे काही हाती नाही. ती मला आवडते, जेवण जड वाटत नाही, आणि मीठ कमी टाकून द्या म्हटल्यावर वहिनींनी माझी वाटी मीठ घालण्याच्या आधीच बाजूला काढली, हे मला पुरेसे आहे. मिठाचा आग्रह मी धरते त्याला कारण आहे. माझा आजार उसळतो तेव्हा डॉक्टर काही आठवडे स्टिरॉइडची गोळी देतात. तिच्यामुळे शरीरात पाणी आणि मीठ साठते, रक्तदाब वाढतो आणि हाडे ठिसूळ होतात. गोव्याच्या ताटात मिठाचे खरे साठे तीन असतात: लोणचे, पापड आणि सुक्या मासळीची किसमूर. ही तिन्ही मी ताटात वाढूच देत नाही, कारण एकदा ताटात आले की हात तिकडे जातो.

नारळाचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यावर या खाणावळीत मला पूर्ण समाधान मिळाले नाही. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये हृदयविकाराचा धोका सर्वसामान्यांपेक्षा वाढतो हे आता सिद्ध झालेले आहे, त्यामुळे नारळातली संपृक्त मेदाम्ले आणि कढईतले तेल यांकडे मला लक्ष ठेवावे लागते. हुमण, खतखते, सोलकढी, तोंडाक (कडधान्याचा रस्सा), सगळ्यांत नारळ. तो कमी करा म्हटले तर तो पदार्थच राहत नाही, हे वहिनींचे म्हणणे रास्त आहे. आम्ही मध्यम मार्ग म्हणून मी रस्सा अर्धी वाटी घ्यायचा आणि फोडी जास्त घ्यायच्या असे ठरवले. तेलाबाबत मात्र माझी तक्रार आहे. शनिवारी घेतलेल्या रवा लावून तळलेल्या मुडदुशा माशाला जुन्या तेलाचा वास होता आणि मी तो एका घासानंतर ठेवून दिला. वहिनींना सांगितले तेव्हा त्यांनी सबब पुढे केली नाही. सकाळच्या भज्यांचेच तेल होते, असे त्या म्हणाल्या, आणि मंगळवारी माझ्यासाठी बांगडा तव्यावर, केळीच्या पानात गुंडाळून, जेमतेम चमचाभर तेलात भाजून दिला. तो या पाच दिवसांतला सर्वांत चांगला पदार्थ होता. मिरे, आले, लसूण आणि हळद यांचे दाटसर वाटण माशाच्या चिरांत भरलेले होते आणि पानाचा वास माशात उतरला होता. तरीही एकाच कढईत भजी आणि मासे तळण्याची पद्धत त्यांनी बंद करावी असे मला वाटते, आणि मी ते त्यांना सांगितलेही आहे.

रविवार वाईट गेला. देवळांना येणाऱ्या लोकांची गर्दी बारापासूनच लोटली होती, ओसरीच्या पायऱ्यांवर माणसे ताटकळत होती, वहिनींना स्वयंपाकघरातून बाहेर येण्यास सवड नव्हती आणि वाढायला त्यांचा पुतण्या एकटा होता. आमच्यापुढे सर्वांसाठीचे ताट आले. हुमण झणझणीत तिखट होते, यजमानांच्या वाटीत सुंगटे होती, आणि ती बदलून मिळायला पंचवीस मिनिटे लागली. मला वेदनाशामक गोळी जेवणानंतर घ्यायची असते आणि ती रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला इजा होते, त्यामुळे जेवणाची वेळ पुढे गेली की दुखणेही त्याबरोबर वाढत जाते. पथ्य असणाऱ्यांनी येथे रविवारी जाऊ नये, किंवा गेल्यास साडेअकराला जाऊन बसावे.

सोमवारी त्याची भरपाई झाली. मी माझ्या सांध्यांच्या आजारावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री घेते. ती एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, म्हणून प्रवासातही मी वार बदलत नाही. दुसऱ्या दिवशी मळमळते, अन्नावर वासना राहत नाही, आणि बाहेरगावी तो दिवस काढणे मला नेहमी कठीण जाते. त्या दिवशी आम्ही पायरी चढत असतानाच वहिनी "आज सोमार, नुस्तें ना" असे हसून म्हणाल्या. फोंड्याच्या या देवळांच्या परिसरात अनेक हिंदू घरे सोमवारी मासळी शिजवत नाहीत, आणि मला त्या दिवशी तेच हवे होते. उकड्या तांदळाची पातळ पेज, वर किंचित मीठ, सोबत भोपळ्याची सुकी भाजी आणि नंतर नाचणीचे तिझान, असे जेवण मी सावकाश अर्ध्या तासात जेवले आणि ते पोटात राहिले. तिझान म्हणजे नाचणीचे सत्त्व, गूळ आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून केलेली खीर. तिच्यातला गूळ मी निम्मा करवून घेतला होता. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्यांची हाडे स्टिरॉइडने पोखरली जाण्याची भीती आहे त्यांनी गोव्यात हा पदार्थ मागून घ्यावा, कारण तो फलकावर सहसा लिहिलेला नसतो आणि पर्यटकांना तो हवा असेल असे कोणाला वाटत नाही.

दारूविषयी दोन वाक्ये लिहिणे आवश्यक आहे, कारण गोव्यात पाहुण्याला फेणीचा आग्रह होतो आणि तो प्रेमाचा असतो. मेथोट्रेक्सेट आणि मद्य दोन्ही यकृतावर भार टाकतात, म्हणून मी मद्य घेत नाही. गाउटमध्ये बिअर सर्वांत घातक असली तरी फेणीसकट सर्वच मद्यांनी युरिक आम्ल वाढते, म्हणून यजमानही घेत नाहीत. या खाणावळीत मद्य मिळत नाही आणि त्यामुळे तो प्रसंगच येत नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय आहे.

बसण्या-उठण्याच्या सोयीत खाणावळ बरीच कमी पडते. रस्त्यापासून ओसरीपर्यंत तीन उंच दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांना धरायला कठडा नाही. खुर्च्या प्लास्टिकच्या, बुटक्या आणि बहुतेक बिनहाताच्या आहेत. ज्याचे गुडघे दुखतात त्याला उठताना हातांनी रेटा देण्यासाठी खुर्चीचे हात लागतात, आणि माझी मनगटे अशी की टेबलावर भार देऊन उठणे मला जमत नाही. हात असलेल्या दोनच खुर्च्या आहेत, त्या भिंतीकडच्या टेबलापाशी असतात आणि दुसऱ्या दिवसापासून ते टेबल आमच्यासाठी राखलेले असे. पाण्याचे पितळी तांबे देखणे आहेत, पण भरलेला तांबा मला एका हाताने उचलवत नाही. मागितल्यावर कान असलेला स्टीलचा मग मिळाला. शौचालय अंगणापलीकडे आहे आणि भारतीय पद्धतीचे आहे. गुडघ्यांचा विकार असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावे आणि मुक्कामाच्या ठिकाणाहूनच सोय करून निघावे. आम्ही देवस्थानच्या अग्रशाळेऐवजी (भक्तांच्या निवासाऐवजी) कमोडची सोय असलेली एक तळमजल्याची खोली भाड्याने घेतली होती, ती याच कारणासाठी.

गुडघ्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. शरीराचे वजन १ किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, असे गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवरील अभ्यासात मोजले गेले आहे. मी गेल्या तीन वर्षांत ६ किलो उतरवले आणि देवळाच्या पायऱ्या चढताना मला तो फरक जाणवतो. म्हणून प्रवासातही ताटात भात किती घ्यायचा हे मी ठरवून बसते. येथे भात उकडा, जाडसर आणि भरपूर वाढला जातो. पहिल्या वाढीलाच एक मूद पुरे म्हणून सांगावे लागते, नाही तर वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. नंतर तसे सांगितल्यावर कोणाला वाईट वाटलेले दिसले नाही.

शाकाहारी ताट १४० रुपयांना आणि मासळीचे २२० रुपयांना होते. भाजलेला बांगडा वेगळा. माझ्यासाठी वेगळे काढलेल्या वाटणाचे किंवा पेजेचे जादा पैसे घेतले नाहीत. खाणावळ बारा ते तीन एवढीच उघडी असते आणि रात्रीचे जेवण नसते, त्यामुळे संध्याकाळची सोय आपली आपण करावी लागते. आम्ही बहुतेक रात्री सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेली पोई (गोव्याचा एक पाव) आणि खोलीवरच्या विजेच्या किटलीवर शिजवलेले मोडाचे मूग खाल्ले. पोईत कोंडा असतो आणि ती मैद्याच्या पावापेक्षा पोटाला बरी पडते, पण संध्याकाळपर्यंत ती चिवट होते आणि जबड्याचे सांधे दुखत असतील तेव्हा ती चावणे कष्टाचे असते. अशा दिवशी ती मुगाच्या पाण्यात बुडवून घ्यावी.

येण्याजाण्याविषयी एवढेच सांगते की आम्ही मुंबईहून मडगावपर्यंत कोकण रेल्वेने आलो. एका जागी सलग बसले की माझे सांधे आखडतात, आणि रेल्वेत तासातासाने उठून डब्याच्या टोकापर्यंत चालता येते, जे बसमध्ये शक्य नसते. यजमानांची पाण्याची बाटली मी दर स्थानकाला तपासत होते. मासळीसाठी येणाऱ्यांनी जून आणि जुलै टाळावेत, कारण १ जून ते ३१ जुलै या काळात गोव्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, ताजा बांगडा दुर्मीळ होतो आणि ताटात सुकी मासळी, म्हणजे मीठ, वाढत जाते. पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात ते आणखी वेगळे.

मंगळवारी जेवण झाल्यावर मी वहिनींना तेल, खुर्च्या आणि पायऱ्या या तिन्ही गोष्टी पुन्हा एकदा स्पष्टपणे सांगितल्या, कारण त्यांच्याकडे येणारी निम्मी माणसे देवदर्शनाला आलेली वयस्क मंडळी असतात आणि त्यांपैकी कित्येकांचे गुडघे माझ्यासारखेच असतील. त्यांनी ऐकून घेतले आणि पुतण्याला हाक मारली. तो मोजपट्टी घेऊन आला, मला खालच्या पायरीवर उभे राहायला सांगितले आणि माझा हात कठड्याला जेथे सहज टेकेल तेथे त्याने भिंतीवर खडूने रेघ मारली.